चार ठोके आणि एक टिक

ही तबकडी आम्हाला पडली दोन जुने भोंगे, जवळा बाजारचं एक चांगलं गिऱ्हाईक आणि नवरीच्या मामाच्या कायमच्या शिव्या.

तरी स्वस्तच पडली म्हणायची.

आज दादारावची पुण्यतिथी. कळमनुरीच्या आमच्या साऊंड सर्व्हिसचा मालक, माझा गुरू आणि पुढे पार्टनर.

मी साखऱ्याजवळच्या तांड्यावरून आलो तेव्हा माझं काम एकच होतं. झाडावर चढून भोंगे बांधणं. आज स्वतःच्या गाड्या आहेत, लाईट आहे, जनरेटर आहे. सुरुवात मात्र लिंबाच्या फांदीवरून.

नव्वदीच्या शेवटी सगळे कॅसेटवर गेले होते. दादाराव तबकडीवर अडून बसलेला.

हैदराबादच्या एका भंगारवाल्याला दोन भोंगे देऊन तो पोतंभर तबकड्या घेऊन आला. त्यात ही एक. कव्हरवर ना हिरो, ना हिरॉईन. नुसता राखाडी पुठ्ठा.

लावली.

धप. धप. धप. धप. टिक.

धप. धप. धप. धप. टिक.

आम्ही वाट बघत बसलो. गाणं काही येईना.

"परश्या, ह्यातला गाणारा जेवाया गेला का रे?" दादारावनं मला विचारलं.

पण स्पीकरच्या बॉक्सच्या टेस्टिंगला तिच्यासारखी दुसरी तबकडी नव्हती. मध्ये ना गाणं, ना शहनाई. कुठं एक स्क्रू ढिला असला तरी त्या धपला लगेच खरखरायचा. जयंतीच्या मिरवणुकीआधी आम्ही तिच्यावरच सगळे बॉक्स तपासायचो.

जवळा बाजारच्या त्या लग्नात अशीच टेस्टिंगला लावली आणि दोघं चहाला गेलो.

परत येतो तर नवरीचा मामा लालबुंद.

"ओ साऊंडवाले, काहून गिरणी चालवून राहिले? गाणं कवा लावता?"

दादाराव एकदम शांत. "मामा, हेच गाणं हाय. फॉरेनचं."

"मंग फॉरेनातच जाऊन लावा!"

मामांनी पुन्हा आम्हाला कधी बोलावलं न्हाई. पण खरं सांगतो, त्या मांडवात आचाऱ्याचा झारा भाताच्या पातेल्यात तालात फिरत होता.

आमचं भांडण झालं ते त्या टिकवरून.

दादाराव म्हणायचा, "वरखडा हाय तो."

मी म्हणायचो, "दादा, वरखडा कुठंबी वाजतो. हा बराबर चार ठोक्यांनी येतो. वाद्य हाय ते."

"तबकडीबी गोलच फिरती ना, येड्या. एका फेऱ्याला चार ठोके."

"एकदा उन्हात धरून बघायची का मग?"

"धर की. भितो कोण?"

पण मीच धरली नाही. मला काय गरज? ओरखडा आणि वाद्य यातला फरक मला झोपेत कळतो, असं मी सगळ्या जिल्ह्यात सांगत फिरायचो. गिऱ्हाइकांसमोर, चहाच्या टपरीवर, सोयऱ्यांच्या पंगतीत. हिंगोलीत माझ्यासारखे कान न्हाईत!

वर्षानुवर्षं हाच वाद. त्यावर आमची मैत्री चालली म्हटलं तरी चालेल.

मग दादारावची किडनी गेली. नांदेडच्या खेपा सुरू झाल्या. डायलिसिस करून आला की खाटेवर पडून म्हणायचा, "परश्या, त्या टिकचा फैसला माझ्यासमोर कर. नंतर तू काय, जिंकलो म्हणूनच सांगशील."

माझी लेक तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगला होती. तिला फोनवर तबकडीवरचा नंबर सांगितला. तिनं नेटवर शोधलं.

"बाबा, ह्याला मिनिमल टेक्नो म्हणतात, नुसत्या ठेक्याचं संगीत. क्लासिक अल्बम आहे, जगभर ऐकतात! आत्ताच रिमास्टर करून नवीन व्हायनल तबकडी काढलीय."

"म्हणजे?"

"म्हणजे मूळ टेपवरून सगळं नीट करून पुन्हा छापलंय."

मूळ टेपवरून! टिक वाद्य असेल तर त्यातही असणारच. झाला फैसला. मागव म्हटलं.

दोन पुठ्ठ्यांत गुंडाळलेलं पार्सल घेऊन मी थेट दादारावच्या खाटेशी. वहिनींनी टर्नटेबल पुसून ठेवला होता.

मी तबकडी लावली, तर दादारावचा हात उशाखाली. चार आण्याचं नाणं काढलं. गाडीच्या हादऱ्यानं सुई उडू नये म्हणून आमच्या धंद्यात सुईच्या दांड्यावर नाणं ठेवायचे. त्याची सवय काही जाईना.

"दादा, नवी हाय! आन इथं गाडी कुठं हाय?"

"जुनीबी नवी होती की तवा."

नाणं काढून घेतलं. सुई टेकवली.

धप. धप. धप. धप.

धप. धप. धप. धप.

काय तो बेस! खाटेच्या पट्ट्या हलल्या. कधी न ऐकलेला एक बारीक सूर मागून सरकत आला.

टिक मात्र नाही.

दादारावनं डोळे मिटले होते. चार ठोके झाले की तो खाटेच्या लोखंडावर नखानं वाजवायचा. टिक. बराबर जागेवर.

"हारलास, परश्या."

"हारलो कसा? रिमास्टर म्हणजे झाडलोट. त्या लोकान्ला टिक कचरा वाटला आसंल, दिली काढून."

दादाराव इतका हसला की वहिनी पाणी घेऊन धावल्या.

"न्हाई सुधरायचा तू."

पूर्ण बाजू ऐकली त्यानं. मग उलटून दुसरीपण. दोन महिन्यांनी गेला. मी शेवटपर्यंत हार मानली नाही, आणि त्याला तेच आवडायचं.

गेल्या आठवड्यात वहिनींनी घर रंगवायला काढलं. माळ्यावरची जुनी तबकडी माझ्याकडे पाठवली, राखाडी पुठ्ठ्यासकट.

दादा, तू मला ऐकायला शिकवलंस. त्याच कानांवर माझं घर उभं राहिलं. तुझी आठवण रोज येते, बॉक्स तपासताना तर हमखास. जय भीम.

आज सकाळी तबकडी अंगणात नेली. उन्हात धरली.

ओरखडा आहे. आतून काठापर्यंत, सरळ.