सर्दी कोणी आणली?

तान्ह्या बाळांना होणारे श्वसनाचे विषाणूजन्य आजार कुठून येतात आणि कसे पसरतात, हे शोधणं माझं काम. म्हणजे मी दिवसभर फोन करते. मूल हॉस्पिटलातून घरी गेलं की आईबापांना विचारायचं, घरात आधी कोणाला सर्दी झाली होती? हा प्रश्न आमच्या संशोधन कमिटीने ठरवलाय. त्या कमिटीतल्या कोणालाही तो स्वतः विचारावा लागत नाही, याने माझं डोकं फिरतं.

गेल्या हिवाळ्यात डब्लिनमधल्या एका मराठी आईला फोन लावला. तिचं बाळ आरएसव्ही नावाच्या विषाणूमुळे ऑक्सिजनवर राहून नुकतंच घरी आलं होतं. मी मराठीत बोलतेय म्हटल्यावर ती मोकळी झाली. बाळाला पाजत असल्यामुळे तिने फोन स्पीकरवर ठेवला होता. मला ते ठाऊक होतं, तरी मी तो ठरलेला प्रश्न विचारला.

"मोठीला ना. किंडरगार्टनमधून घेऊन आली. नाक नुसतं वाहतंय आणि ही आपली सारखी त्याच्या पाप्या घेतेय!"

मागून बारीक आवाज आला, "मम्मा, डिड आय मेक हिम सिक?"

मी घाईघाईने म्हणाले, "नाही गं राणी, तू नाही काही केलंस."

"देन हू डिड?"

तिची आई म्हणाली, "मी, बाळा. मलाच सर्दी झाली होती." तिचा आवाज खणखणीत होता.

मग तिने स्पीकर बंद केला. "आता तुम्ही काय लिहिणार?"

"तुम्ही आधी सांगितलंत तेच. नाव कुठेही येत नाही."

"लिहा मग," ती थकून म्हणाली.

मी 'मोठं भावंड' या उत्तरावर खूण केली. ते खरं होतं, उपयोगाचंही होतं. तरी एका लहान पोरीची चुगली केल्यासारखं वाटलं, आणि ते अजून मनातून जात नाही.

यंदा आमचं पालकांसाठीचं इंग्रजी पत्रक निघालं. ते बालरोगतज्ज्ञांच्या वेटिंग रूममध्ये खेळण्यांच्या कोपऱ्यात लावतात. 'घरात हा विषाणू बहुतेकदा मोठं भावंड आणतं,' हे त्यातलं पहिलं वाक्य मी लिहिलंय. इंग्रजी अगदी सोपं हवं, असं मला बजावलं होतं. ती मुलगी आता वाचायला लागली असेल.