दोन फेजवरची मोटार

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट नांदेडात तयार मिळतो. दुकानात जायचं, काचेच्या कपाटातलं एखादं सर्किट बोटानं दाखवायचं, सोबत बांधीव रिपोर्ट घ्यायचा आणि नावाचं पान तेवढं बदलायचं. आमच्या वर्गातल्या निम्म्याअधिक पोरांनी हेच केलं. अंधांसाठीची एकच काठी तीन गटांनी उचलली आणि तिघांनीही आपापल्या सरांना छातीठोकपणे सांगितलं की ही कल्पना आम्हालाच सुचली.

आम्ही दोघींनी तसं केलं नाही. त्यात तत्त्वाबित्त्वाचा भाग कमी आणि माझ्या खुमखुमीचा जास्त. मी इलेक्ट्रॉनिक्सला होते, माझी रूममेट कॉम्प्युटरला. त्या वर्षी कॉलेजनं पहिल्यांदाच दोन शाखांच्या मुलांना मिळून प्रोजेक्ट करायची परवानगी दिली आणि ती नोटीस वाचून मी जिने चढत धावतच खोलीवर आले.

"आमच्या विहिरीवरची मोटार मोबाइलवरून चालू करायची," मी म्हटलं.

"विहीर कुठाय?"

"लोह्याच्या पुढं."

"चालतंय," ती म्हणाली. एवढ्यावर आमचा प्रोजेक्ट ठरला.

ती लातूरची. आई-वडील दोघं शिक्षक. लातुरात हुशार पोरानं डॉक्टरच व्हायचं असतं, दुसरं काही झालं तर शेजारी चौकशी करतात. हिनंही पहाटेपासून क्लासेसच्या गल्ल्या तुडवल्या, दर रविवारी टेस्ट दिली, मेडिकलची परीक्षा दोनदा दिली आणि दोन्ही वेळा थोडक्यात राहिली. मग तिच्या घरच्यांच्याच भाषेत सांगायचं तर तिला 'कॉम्प्युटरला टाकली'. त्या दोन वर्षांनी तिला एक सवय मात्र कायमची लावून दिली होती. प्रश्न संपायच्या आत उत्तर. मेसच्या मावशी "भात घेतेस का" म्हणेपर्यंत ही "पोळी" म्हणून मोकळी. आणि उत्तर नेहमी पुस्तकातलं, शब्दाला शब्द. 'मला असं वाटतं' हे वाक्य मी तिच्या तोंडून चार वर्षांत ऐकलं नव्हतं.

प्रोजेक्टात नापास म्हणजे वर्ष गेलं. माझं गेलं असतं तर आमचे दादा, म्हणजे माझे वडील, चार दिवस बोलले नसते आणि पाचव्या दिवशी स्वतःच चहा मागत आले असते. तिचं गेलं असतं तर ते तिसरं वर्ष ठरलं असतं. "दोन वर्षं घरच्यांनी गिळली, तिसरं गिळायचे नाहीत," असं ती हसत हसत सांगायची. पण तयार प्रोजेक्ट सोडून माझ्या नादी लागताना तिनं काय पणाला लावलं होतं ते मला माहीत होतं, आणि तिलाही.

आमचे गाईड सर तिरकस. ते म्हणाले, "टेबलावर खेळण्यातली मोटार फिरवून प्रोजेक्ट म्हणू नका. शेतातली चालवा, व्हिडिओ काढा, मग या."

काम असं होतं. मोटारीच्या स्टार्टरशेजारी एक डबा बसवायचा. मोबाइलवरून मेसेज आला की डब्यानं आधी विजेचे तिन्ही फेज आहेत का ते बघायचं, असले तरच मोटार चालू करायची. एक जरी फेज गेला तर मोटार तापून जळते, म्हणून अशा वेळी ती चालूच होऊ द्यायची नाही. पुस्तकात हे पहिल्या पानावर आहे. प्रोग्राम तिचा, सोल्डरिंग माझं. लॅबमध्ये तिनं पहिला मेसेज पाठवला आणि डब्यातला रिले, म्हणजे आपोआप पडणारा स्विच, 'टक्' वाजला, तेव्हा आम्ही दोघी इतक्या जोरात ओरडलो की शेजारच्या लॅबमधून शिपाई पळत आला. त्याला वाटलं शॉक बसला. शॉक नव्हता हो, पण अंगावर काटा मात्र आला होता. तिनं बोटानं काचेवर टिचकी मारली आणि माझ्या तारांनी ती ऐकली! त्या दिवशी आम्ही तो रिले इतक्या वेळा वाजवला की शेवटी मोबाइलचं बॅलन्स संपलं.

एप्रिलात एसटीनं लोह्याला गेलो. तिथून दादांच्या मोटारसायकलवर तिघं. तिनं डबा मांडीवर असा धरला होता की रस्त्यातल्या एका बाईनं विचारलं, "किती महिन्याचं हाय?"

शेतात उन्हाळी भुईमूग होता. दादांनी डबा उलटापालटा करून पाहिला आणि मला बाजूला घेतलं. "काय माय, मोटार जळाली तर भुईमूग गेला बग. आऱ्या सुटून राहिल्यात."

आऱ्या म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं. आईनं एक वेल हलकेच वर उचलून दाखवला. फूल गळून गेल्यावर त्याचा देठ सुतळीसारखा खाली येतो, मातीत शिरतो आणि तिथं त्याची शेंग होते. या वेळी माती ओली हवी, नाहीतर आरी आत जात नाही. "म्हंजी फूल वर आन् शेंग खाली?" ती उकिडवी बसून बघतच राहिली. दोन वर्षं बायॉलॉजी पाठ केलेली पोरगी! तिनं त्या आरीचे एवढे फोटो काढले की शेवटी मला तिला हाताला धरून उठवावं लागलं.

डबा बसवला. ती बांधावर जाऊन उभी राहिली आणि मेसेज पाठवला. काही नाही. परत पाठवला. डब्याच्या छोट्या पडद्यावर अक्षरं आली: फेज नाही.

मग आमचं जे जुंपलं! मी म्हटलं तुझ्या प्रोग्राममध्ये घोळ आहे, ती म्हणाली तुझं सोल्डरिंग सुटलंय. मी तारा उसवल्या, तिनं लॅपटॉप उघडला. ऊन असं की पडद्यावर काही दिसेना, म्हणून तिनं आईचा पदर डोक्यावरून घेतला आणि पदरासकट आईही तिथंच अडकून बसली. दुपार अशी गेली. दोघींची तोंडं दोन दिशांना. आम्ही बोलत नव्हतो म्हणूनच मला तो आवाज ऐकू आला. शेजारच्या विहिरीवरची मोटार चालू होती, पण सरळ सुरात नव्हती. घसा बसल्यासारखी घुरघुरत होती.

तो आवाज मी पाळण्यात असल्यापासून ऐकलाय. मला एकदम हसू फुटलं. "अगं, आपलं काहीच चुकलं न्हाई! एक फेज खरंच न्हाई!"

डीपीवरचा, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवरचा, एक फ्यूज उडाला होता. आमच्याकडे फ्यूज उडाला म्हणून कुणी थांबत नाही. लाईनमन आज येईल, उद्या येईल, तोवर स्टार्टरला कंडेन्सर जोडलेला असतोच. गेलेल्या फेजचं काम तो कंडेन्सर कसंबसं भागवतो आणि मोटार दोन फेजवर चालते. घुरघुरते, तापते, पण पाणी देते. आमच्या शिवारात याला बिघाड म्हणतच नाहीत, 'दोन फेजवर हाय' म्हणतात. दादांनी आम्हाला सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय आहे! आणि मी, जिनं सहावीत असताना ते कंडेन्सरचं बटण दाबलं होतं, तीच मी चार वर्षं नांदेडात पुस्तक वाचून गावची वीज विसरले. आमचा डबा इतका शहाणा झाला होता की तो आमच्या शेतात कधीच चालला नसता.

"पण दोन फेजवर मोटार बंदच ठेवायची असते," ती म्हणाली. "पुस्तकात स्पष्ट आहे."

"पुस्तक नांदेडला राहिलं. आऱ्या इथं हायत."

तिनं त्या वेलाकडे पाहिलं. मग तिनं लॅपटॉप मांडीवर ओढला. त्यानंतरचे ते तास माझ्या अख्ख्या शिक्षणातले सगळ्यांत भारी तास. मी दादांच्याच कंडेन्सरला आमचा एक जास्तीचा रिले जोडला. तिनं कडुलिंबाखाली बसून अर्धा प्रोग्राम मोडला आणि नव्यानं लिहिला. तीन फेज असले तर सरळ चालू. दोनच असले तर कंडेन्सर आत घे, पण करंटवर डोळा ठेव. करंट हद्दीबाहेर गेला आणि काही सेकंद तिथंच राहिला, तर मोटार बंद कर, कुणाचंही ऐकू नकोस. लगेच बंद करायचं नाही, कारण मोटार सुरू होताना करंट क्षणभर उसळतोच. बोटं चालू होती, तोंड चालू होतं, आई मधूनच विचारत होती, "आता काय लिव्हलं?" आणि ही तिला खरंच समजावून सांगत होती.

मेसेज पाठवला. टक्. मोटार घुरघुरली. पाइपात आधी हवा फुसफुसली आणि मग पाणी! ती चप्पल सोडून बांधावरून पाण्याच्या तोंडाकडे पळत सुटली. आमच्या व्हिडिओत मोटार दिसतच नाही. दिसतं ते हलणारं आकाश, आणि ऐकू येतं "आलं! आलं! आलं!" गाईड सर तो पाहून म्हणाले, "आकाश छान चालतंय."

एक गोष्ट मात्र राहून गेली. करंट वाढला की डबा मोटार बंद करतो का, हे पाहायचं तर चालू मोटार अडकवायला हवी होती. दादांनी हात जोडले. "तेवढं सोडून समदं करा." ते आम्ही सोडलं.

परीक्षेला बाहेरून आलेले सर चष्म्यावरून बघणारे होते. त्यांच्या खोलीतून आमच्या आधीचा काठीवाला गट पाचच मिनिटांत बाहेर आला, काठी टेकत. टेबलाशेजारी लॅबची तीन फेजची मोटार होती. आम्ही डबा आणि लॅबमधलाच एक कंडेन्सर जोडला, मेसेज पाठवला, मोटार फिरली. सरांनी आमच्याकडं न बघता विचारलं, "आता एक फेज गेला तर—"

"मोटार बंद पडते सर," ती म्हणाली. प्रश्न संपायच्या आत. पुस्तकातलं, शब्दाला शब्द.

मी तिला कोपरानं ढोसलं. सरांनी एका फेजचा स्विच खाली ओढला. डबा टक् वाजला, कंडेन्सर आत आला आणि मोटार मजेत घुरघुरत राहिली.

"तुमचं उत्तर बरोबर आहे," सर म्हणाले. "मशीन चूक आहे."

मी तोंड उघडलं. त्यांनी मला हातानं थांबवलं. "तुम्ही नाही. यांना बोलू द्या."

तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, गेलं तिसरं वर्ष, आणि तेही माझ्या विहिरीत. गाईड सर भिंतीवरचा तक्ता वाचायला लागले. मोटार घुरघुरत होती. मग ती बोलायला लागली, अगदी हळू.

"सर, मी आधी सांगितलं ते पाठ होतं. हे मशीन चूक नाही. मी त्या विहिरीवर होते. फ्यूज उडाला होता आन् भुईमुगाला आऱ्या सुटल्या होत्या. त्या दिवसांत पाणी थांबवता येत नाही सर. पुस्तक फक्त मोटार वाचवतं. मला वाटतं, दोन्ही वाचवावं. म्हणून चालू ठेवतो, पण करंट हद्दीबाहेर गेला की बंद."

मला वाटतं! मी तिच्याकडे बघतच राहिले.

"बंद होते?" सरांनी चष्मा वर केला. "दाखवा."

लॅबच्या मोटारीला एक पट्टा असतो. तो आवळला की चाक दबतं आणि मोटारीवर भार येतो. सर स्वतः उठले आणि पट्टा आवळायला लागले. मोटारीचा आवाज जड झाला. पडद्यावरचा आकडा चढत गेला आणि हद्द ओलांडून गेला. मोटार चालूच. सरांनी आणखी एक पीळ दिला. मोटार कण्हायला लागली, गरम वार्निशचा वास सुटला. तिनं माझं मनगट धरलं होतं आणि तिची नखं माझ्या हातात रुतत होती. मी मनातल्या मनात डब्याला जितक्या शिव्या येतात तितक्या दिल्या.

टक्.

चाक थांबलं. सरांनी हात झटकले, पडद्याकडे पाहिलं, परत एकदा पट्ट्याकडे पाहिलं. "हं," ते म्हणाले. मग कागदावर सही करता करता तिला विचारलं, "ह्या आऱ्या म्हणजे काय, ते जरा नीट सांगा." तिनं सांगितलं, दोन्ही हातांनी, फूल वर आणि शेंग खाली करून. "पास आहात दोघी," सर म्हणाले. "पुढच्या गटाला पाठवा."

बाहेर आल्यावर आम्ही जिन्यात नाचलो. खरंच नाचलो, लोक बघत होते. तशीच नाचत तिनं घरी फोन लावला आणि स्पीकरवर टाकून ओरडली, "पप्पा, मोटार बंद पडली!"

मोटार चालली पाहिजे, एवढंच त्या बिचाऱ्यांना माहीत होतं.

"जाऊ दे, बेटा," ते म्हणाले. आवाज अगदी साधा, घरात बोलल्यासारखा. "एक वर्ष गेलं तर गेलं. तू कशाला घाबरतेस? आम्ही हाव ना. जेवलीस का?"

ती नाचायची थांबली. पायरीवर मटकन बसली. हसू तसंच तोंडावर राहिलं आणि डोळे घळाघळा वाहायला लागले.

"पप्पा, पास झाले मी," ती म्हणाली. "पण आत्ता जे बोललात ना, ते अजून एकदा बोला."