लिहिणाऱ्याने वर बघायचं नाही

तिसऱ्या वळणावर धाकटीला धाप लागली. दाजी पुढेच. गळ्यात दुर्बीण, काखेत घडीची खुर्ची. सत्तरी उलटली तरी चढ असा चढत होते, की मागे कुणी हाक मारणारं उरलेलंच नाही.

"दाजी, देव वर राहतो एवढं ऐकून होते. आज भेटच घालून देता की काय?"

ते थांबले. "तुझी ताई इथंच पाणी प्यायची. बस घटकाभर."

धाकटीच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. जन्मभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढले. पण दर वसंतात रजा टाकून या माथ्यावर यायचे आणि उत्तरेला परतणाऱ्या घारी, ससाणे, गरुड मोजायचे. बावीस वर्षं ते बघायचे, ताई लिहायची. नियम एकच, पण कडक: बघणाऱ्याने खाली बघायचं नाही, लिहिणाऱ्याने वर बघायचं नाही. लक्ष हललं की पाखरू निसटतं, नाहीतर दोनदा मोजलं जातं.

ताई गेली त्याला दहा महिने झाले. आज पहाटे धाकटी त्यांना घ्यायला गेली तेव्हा ओट्यावर एकच कप पालथा होता, आणि मोजणीची वही मात्र ताईच्या खुर्चीसमोर नीट मांडलेली. धाकटीनं ती पिशवीत घातली होती.

माथ्यावरचा खडक तापला तशी गरम हवा वर उठली आणि तिच्यावर पहिली घार चढली. पंख न हलवता, गोल गोल.

"घार, एक. मागून चार. ससाणा, एक."

धाकटी खाली मान घालून लिहीत गेली. मग तासभर काहीच नाही. नुसता वारा.

"एक," दाजी म्हणाले. "लांब आहे, ओळख पटत नाही." धाकटीनं तसं लिहिलं. थोड्या वेळानं, "आणखी एक, डावीकडे. दुर्बिणीशिवाय दिसतोय बघ."

धाकटीला राहवलं नाही. तिनं वर पाहिलं. आभाळ घासलेल्या पातेल्यासारखं लख्ख.

"हा वळला!" दाजी म्हणाले. वळली होती ती त्यांची मान.

या माणसापाशी या मोजणीशिवाय राहिलंय काय? तिनं मनात देवाचं नाव घेतलं. तरी आणखी खोटं लिहायला हात उठेना. चाळा म्हणून तिनं गेल्या वसंताची पानं उलटली. 'ओळख पटली नाही' अशा प्रत्येक नोंदीपुढे ताईनं बारीक टिंब दिलं होतं. वाणसामानाच्या यादीतही ज्याची खात्री नसे त्यापुढे ती असंच टिंब द्यायची.

"पेन्सिल का थांबली?"

"दाजी, आभाळात काही नाही."

"तू वर बघितलंस?"

"बघितलं."

त्यांनी डोळे डावीकडे नेले, मग उजवीकडे. त्यांचा पक्षी मुकाट मागोमाग आला असणार, कारण त्यांचा चेहराच उतरला.

"गिऱ्हाइकांना शंभरदा सांगितलंय," ते म्हणाले, "वय झालं की डोळ्यांपुढे काळं काहीतरी तरंगतं, घाबरू नका. आणि स्वतःच्या तरंगणाऱ्याला मी पंख लावून उत्तरेला धाडत होतो!" हसू आलं, पण ओठांपर्यंतच.

धाकटीनं वही त्यांच्या मांडीवर ठेवली आणि एकेका टिंबावर बोट ठेवत गेली. दाजींनी पान डोळ्यांजवळ नेलं.

"म्हणजे ती वर बघायची."

"हो."

"आणि बोलली नाही."

"तुमचं मन राखलं तिनं."

"त्या काळात दुखण्यानं बसवत नव्हतं तिला, मला नंतर कळलं," ते हळू म्हणाले. "तेही बोलली नाही."

त्यांनी पेन्सिल घेतली, आजची खोटी नोंद स्वतः खोडली, आणि वही परत तिच्या हातात दिली.

"उद्याही ये. लिहिताना वर बघत जा. आणि मी म्हटलं आणि तुला दिसलं नाही, तर तोंडावर नाही म्हण. माझं मन राखू नकोस, धाकटे."