उजवी पाकळी

देवाने उजवा कौल दिला आणि मी घरी येऊन डावा सांगितला. काल कपाट आवरताना हिमाचलचा जुना नकाशा उघडला, तर रॉकेलच्या वासाबरोबर सुकलेल्या पाकळीचा चुरा मांडीवर पडला.

गोवा राज्य झाल्यानंतरचा पहिलाच उन्हाळा. बाबांनी डिचोलीच्या खाणींवर जन्मभर ट्रक चालवला होता. तांबड्या धुळीने छाती भरली होती, आणि डोळे मिटण्याआधी त्यांना पांढरा बर्फ बघायचा होता. मी जुनी मॅटाडोर घेतली, आत खाट ठोकली, स्टोव्ह बसवला, पडदेसुद्धा लावले. गावभर ऐट मारून झाल्यावर नकाशात घाटांची वळणं मोजायला बसलो आणि निम्म्यातच नकाशा मिटून टाकला. म्हणून देवाला विचारायला गेलो. मूर्तीला चिकटवलेल्या पाकळ्यांतली डावी पडून नकार यावा, अशी मनात आशा. पडली उजवी.

बाबा गाडीतल्या खाटेवर बसले होते. वैशाखाच्या त्या उकाड्यात नवा स्वेटर घालून.

"बाबा, देव नाका म्हणता," मी म्हटलं. काय सफाईने सुटलो, असं तेव्हा वाटलं. पुढचा पावसाळा त्यांना काढता आला नाही, हे आज माहीत आहे.

आमच्या देवळात भटजी उजव्या कौलाचीच पाकळी घरी न्यायला देत. ती माझ्या खिशातून डोकावत होती. बाबांनी ती काढून नकाशात ठेवली आणि सावकाश स्वेटर उतरवला.

"देवाच्या माथ्यार कित्याक घालता रे? भियेलो तूं."