पाण्याच्या ड्रममधली हिरवी बाई

मी आयुष्यात एकच परकी बाई घरात लपवली, आणि ती हिरवी होती.

दुष्काळाची वर्षं होती. वाळूजला कारखान्यात नोकरी, आणि सुट्टीत पुस्तक समोर ठेवून तैलरंग शिकणं. पहिलाच धडा : जुन्या उस्तादाचं चित्र बघून काढा. मी घडा घेतलेली एक विलायती बाई निवडली. जुन्या पद्धतीत अंगाच्या रंगाआधी खाली हिरवा थर देतात. तो दिला. (त्या साली जिल्ह्यात तेवढंच हिरवं होतं!)

तैलरंग लवकर वाळत नाही. बाहेर नव्या रस्त्याची खोदाई, घरभर धूळ. धूळ जाणार नाही अशी जागा एकच, दारातला पाण्याचा रिकामा ड्रम! बाईला आत उभं केलं, झाकण लावलं आणि पहिल्या पाळीला गेलो.

मागं टँकर आला. टँकर आल्यावर ड्रममध्ये डोकावत कोण बसतंय? झाकण जरासं सरकवायचं, पाइप खुपसायचा, पुढच्या भांड्याकडं पळायचं. मालतीनं, म्हणजे आमच्या बायकोनं, तेच केलं.

मी परतलो तर गल्लीनं टँकरवाल्या शेरूभाईंना घेरलेलं.

"पाण्याला घासलेटचा लई वास येतोय!" मालती कडाडली.

"आमच्याही!" समोरच्या काकू म्हणाल्या. (त्यांचा ड्रम अजून कोरडा होता!)

"मेरे पानी पे इल्जाम?" शेरूभाई पाइप गुंडाळू लागले. "अब इस गल्ली में आनाच नक्को!"

वास मी ओळखला. रंग पातळ करायचं माझंच टर्पेंटाइन! आणि टँकरमागं रिकाम्या घागरींची रांग.

"अगं, मला वाटतं..."

"तुम्ही गप बसा!"

बसलो. (ते मला जमतं.) पण टँकर सुरू झाला आणि माझ्या तोंडून निघालं, "शेरूभाई, थांबा! आत बाई आहे!"

अख्खी गल्ली माझ्याकडं वळली.

"कोण बाई?" मालतीनं अगदी हळू विचारलं.

मी ड्रमचं झाकण काढून हिरव्या बाईला वर ओढलं. तैलरंगच तो, पाण्यानं काय होणार? उलट टवटवीत दिसत होती.

"अगंबाई! बुडाली की हो!" काकू किंचाळल्या.

शेरूभाईंनी बाईला नीट न्याहाळलं. "साब, इनकी तबियत ठीक नै दिखती." मग हसत हसत त्यांनी पाइप पुन्हा सोडला.

अजूनही टँकर आला की ते गल्लीभर ऐकू जाईल असं विचारतात, "साब, अंदर कोई बाई तो नै ना?"

जुने शेजारी हसतात. नवे भाडेकरू मालतीकडं कळवळून बघतात.

आणि मालती शांतपणे सांगते, "सध्या तरी नाही."