एकच पेटी

हळदीच्या पाण्याची बादली त्यानं माझ्या पायांवर ओतली. पायांवर, पेटीवर नाही. मग रिकामी बादली पुढ्यात फेकली आणि म्हणाला, "नळ तिकडं आहे. भर आणि धू."

तंजावर जिल्ह्यातलं, ओरत्तनाडुच्या पुढचं गाव. भर दुपार. मिरासदाराची आई सकाळी गेली होती. ओसरीत बाकावर प्रेत, अंगणात वेष्टी नेसलेले पुरुष खुर्च्या टाकून बसलेले. थोरला मुलगा सिंगापूरहून यायचा होता, तोवर प्रेत टिकायला हवं, म्हणून मला फोन. माझा धंदाच तो. एक छोटी व्हॅन, इकडं तिला कुट्टी यानै म्हणतात, म्हणजे हत्तीचं पिल्लू. तिच्यात प्रेत ठेवायची काचेची थंड पेटी. दारात न्यायची, वायर जोडायची, अंत्ययात्रा निघाली की परत आणायची. गाडी मीच चालवते. नव्यानं सुरू केलं होतं सगळं.

धाकट्या मुलानं, म्हणजे आताच्या मिरासदारानं विचारलं होतं, "काल पेटी कुठं होती?" खोटं कशाला बोलू! "तुमच्याच गावच्या कॉलनीत," म्हटलं. कॉलनी म्हणजे गावाबाहेरची दलितांची वस्ती. त्यावर ही बादली.

मी धुतली. या पट्ट्यात त्याचा शब्द चालतो. त्यानं नाक मुरडलं तर माझी गाडी दारात उभी राहून गंजणार. गुडघ्यांवर बसून काच घासत होते आणि त्याचे दोन पुतणे वरून सांगत होते, "तो कोपरा राहिला. घास." कुणीतरी हसलं. मयताच्या घरी!

त्या घोळक्यात आमची भाषा बोलणारा एक होता. तंजावरचा, रिटायर तहसीलदार, मोठ्या मराठी घरचा. मीही मराठीच. आमच्या नावापुढंही राव लागतो. पण माझा बाप त्यांच्याकडं तिरडी बांधायला जायचा, आणि पाणी मागितलं तर मागच्या भिंतीवरून ओंजळीत ओतायचे. माझं मराठी तमिळ मिसळलेलं, तुम्हाला हसू येईल. हसा. तर तो माणूस वाकला आणि हळूच मराठीत म्हणाला, "गुमान धू, पोरी. आपल्या लोकांचं नाव घालवू नको."

आपल्या! अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझ्या आईची भाषा, आणि त्या तोंडून!

मिरासदार म्हणाला, "आता ही पेटी आमच्या लोकांसाठी. कॉलनीसाठी दुसरी घे, जुनीपानी. ही तिकडं गेलेली कळली तर गाडी परत जाणार नाही."

मी मान वर केली. फाटकाबाहेर सेल्वी उभी होती. साडी ओली, केस ओले. काल पेटीत होता तो तिचा नवरा. काल संध्याकाळी त्याला मातीआड करून आलेली बाई. या घरच्या म्हातारीचं हगणं-मुतणं दोन वर्षं हिनंच काढलं, हे तिनं मला कालच सांगितलं होतं. आज तिला पुन्हा हाक मारून आणलेलं. गाडी आत घेताना मी पाहिलं, मागच्या दाराशी ती म्हातारीला आंघोळ घालत होती. पाठीला जखमा पडलेल्या, घरातलं कुणी हात लावेना. काम झालं, बाहेर काढली.

माझं डोकं फिरलं. उभी राहिले.

"तुमच्या आईला सेल्वीनं धुतलं. आई बाटली नाही, मग पेटी कशी बाटली?"

कानाखाली अशी बसली की शिट्टी सुरू झाली. ती अजूनही मधूनच वाजते. एका पुतण्यानं केस धरून फरफटत गाडीपाशी नेलं आणि कपाळ दारावर आपटलं. पुन्हा आपटलं. दुसऱ्यानं पहार घेऊन गाडीची समोरची काच फोडली. बाया ओसरीत उभ्या होत्या, एकीनंही "अरे" म्हटलं नाही. तहसीलदार खुर्चीतून उठला नाही.

भीती? छे. राग. बापानं गिळलेला, मी गिळलेला, सगळा एकदम वर आला. सीटखाली चाक खोलायचा पाना असतो. हाताला लागला. केसांत होतं ते मनगट मी त्या पान्यानं हाणलं. हाड मोडलं, मला ऐकू आलं. तो गुरासारखा ओरडला. सांगायला लाज कसली, मला बरं वाटलं.

"माझी पेटी गाडीत घाला!" मी ओरडले. कोण घालणार! माणसं माझ्याकडं धावली. तेवढ्यात सेल्वी फाटकातून आत आली, पुढच्या फाटकातून, आणि तिनं पेटीचं दुसरं टोक धरलं. "अक्का, उचल."

तिचा हात पेटीला लागला आणि पुढं आलेले सगळे जागच्या जागी थांबले. पेटीला हात लावून ती अडवायला एकही पुढं येईना. शिव्या देत होते, दगड मारत होते, पण लांबून. आम्ही दोघींनी चाकांवरून पेटी ओढली, फळीवरून वर चढवली. मागं मिरासदार ओरडत होता, "बर्फ आणा, बर्फ!"

मांडीवर काचा घेऊन मी गाडी सरळ पोलीस ठाण्यावर नेली. माझी तक्रार घेतली, त्यांचीही घेतली. सेल्वी साक्षीला उभी राहिली.

मग तहसीलदार माझ्या घरी आला. म्हणाला, "माफी माग. ते काच बसवून देतील. त्या बाईला सांग, साक्ष देऊ नको. आपल्या आपल्यात मिटवून टाकू."

"आपल्यात कोण कोण?" मी विचारलं. "तुम्ही तिथं होता. कोर्टात तुमचंही नाव सांगणार आहे, आणि मराठीत मला काय म्हणालात तेही." चहा न घेताच गेला. मी विचारलाही नव्हता.

मोठ्या घरांचे फोन बंद झालेत. लांबलांबच्या गावांतून भाडं शोधावं लागतं, कधीकधी मिळतच नाही. सेल्वीचं त्या घरचं काम सुटलं, ती आता माझ्याबरोबर गाडीवर असते, मी तिला स्टिअरिंग शिकवतेय. निरोप येतात, गाडी जाळू. जाळा. तक्रार मागं घेणार नाही. दुसरी पेटी आणणार नाही. आणि पुन्हा माझ्या किंवा सेल्वीच्या अंगावर हात टाकलात, तर मी मनगटावर थांबणार नाही.