शालिकभाऊंची पिवळी रेघ

आमच्या वर्कशॉपमध्ये प्रत्येक मेकॅनिकचा रंग ठरलेला होता. चाकाचे नट आवळून झाले की ज्याने आवळले त्याने नटावरून चाकावर येईल अशी रंगाची एक रेघ मारायची. धर्मपालची लाल, नितेशची पांढरी आणि शालिकभाऊंची पिवळी. चारही चाकांवर रेघ दिसल्याशिवाय गेटवरचा माणूस गाडी बाहेर सोडत नसे. रेघ म्हणजे त्या माणसाची सही.

शालिकराम अमरावतीच्या त्या शोरूममध्ये एकोणीस वर्षे होते. मी जीवन, तिथला सर्व्हिस ॲडव्हायजर. म्हणजे पांढरा शर्ट घालून एसीत बसायचे, गिऱ्हाइकाला ‘फक्त पाच मिनिटं’ सांगायचे आणि मागे जाऊन मेकॅनिकच्या डोक्यावर बसायचे. बाहेर पंचेचाळीस डिग्री, वर तापलेले इंजिन, आणि माझे तुणतुणे एकच, डिलिव्हरीची वेळ झाली. बाकीचे मला तोंडावर शिव्या द्यायचे. शालिकभाऊ नुसते म्हणायचे, ‘तुह्या पाच मिनिटाले किती मिनिटं असते रे जीवन?’ आणि आपल्याच चालीने काम करायचे.

त्यांची चाल ठरलेली होती. गाडी लिफ्टवर असताना नट हाताने बसवायचे, मग गाडी खाली घ्यायची आणि चाके जमिनीला टेकल्यावर टॉर्कच्या पान्याने प्रत्येक नट कट् असा आवाज येईपर्यंत आवळायचा. मग रेघ. एकोणीस वर्षांत त्यांची एकही गाडी तक्रार घेऊन परत आली नव्हती. मला याचा कधी कधी रागही यायचा, कारण इतका चोख माणूस घाई करायला तयार होत नाही.

सहा वर्षांपूर्वी, लग्नसराईतला शनिवार. उत्तमराव नावाचे गिऱ्हाईक काचेपलीकडे येरझाऱ्या घालत होते. चांदूर रेल्वेला भाचीचे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आणि बायको पार्वताबाई नटूनथटून सोफ्यावर. मी त्यांना चार वेळा पाच मिनिटे सांगून चुकलो होतो. मागे गेलो तर गाडी लिफ्टवर, चाके बसवलेली आणि शालिकभाऊ जागेवर नाहीत. सुपरवायझरने त्यांना दुसऱ्या गाडीच्या ब्रेकचा आवाज ऐकायला रस्त्यावर नेले होते.

मी गाडी खाली घेतली. नट बसलेले दिसत होते. फक्त रेघ नव्हती. मला वाटले, आवळून झालेय, रेघ तेवढी राहिलीय. खरे सांगायचे तर मला तसे वाटून घ्यायचे होते. त्यांच्या ट्रॉलीत पिवळा पेन पडला होता. मी तो उचलला आणि चारही चाकांवर रेघा मारल्या. गाडी गेली.

शालिकभाऊ परत आले आणि रिकाम्या जागेकडे बघत उभे राहिले. गाडी कुठे, म्हणून त्यांनी विचारले. आता हे भांडतील, वर तक्रार करतील, या भीतीने मी हसत म्हणालो, ‘गेली न भाऊ. तुमीच तं रेघा मारल्या.’ ते क्षणभर आपल्या हातांकडे बघत राहिले. त्या दिवशी त्यांच्या हाताखालून अकरा गाड्या गेल्या होत्या. मग ते बाराव्या गाडीखाली शिरले.

चांदूर रेल्वेच्या अलीकडे पुढचे चाक निखळले. गाडी शेतात उतरली. पार्वताबाईंचा हात दोन ठिकाणी मोडला. देवाची कृपा, जीव वाचले.

सोमवारी मॅनेजरच्या टेबलावर उरलेल्या चाकांचे फोटो होते. सगळे नट ढिले आणि सगळ्यांवर पिवळी रेघ. आम्ही दहा जण उभे होतो. आवळल्याशिवाय रेघ कशी मारली, असे मॅनेजरने विचारले. मी शालिकभाऊंपासून दोन हातांवर होतो. बोलायला एक वाक्य पुरले असते. मी तोंडात मिठाची गुळणी धरली.

शालिकभाऊ फोटो बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, ‘मले आठवून नाही राहिलं सायेब. पण रेघ माही हाय. मंग चूकबी माहीच असन.’

कोणी काढायच्या आधी त्यांनीच नोकरी सोडली. पाने धर्मपालला देऊन टाकले आणि अकोल्याला गेले. जुन्या शहरात त्यांच्या घरचे फुलांचे दुकान होते, मोर्णा नदीच्या काठी थोडा मळा. मी मात्र वर्षभरात सीनियर झालो. कोणी माझे अभिनंदन केले की मी हात मिळवायचो आणि गप्प राहायचो. असा भित्रा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

मागच्या रविवारी अकोल्यात एका कार्यासाठी हार हवा होता. म्हणजे हार कुठेही मिळाला असता. मी त्यांच्या दुकानासमोर गाडी लावली. शालिकभाऊ मळ्यातून यायचे होते. त्यांच्या पत्नी सत्यभामावहिनी शेवंती ओवत होत्या. मी जुना सोबती म्हणून त्यांनी चहा दिला आणि नवऱ्याबद्दल मन मोकळे केले. म्हणाल्या, ‘कुलूप लावते न तीनदा वापस येऊन वढून पाह्यते. मोटार बंद केली का, म्हणून मळ्यात पुना जाते. पाना तं हातातच नाही घेत. कोनी बोलावलं तं म्हनते, माह्या हाताचा भरोसा नाही.’

मी कप खाली ठेवला. मला इतकी वर्षे वाटत होते की मी त्यांची नुसती नोकरी घालवली.

ते आले. थकलेले दिसले, पण मला बघून हसले. मी उभ्यानेच सगळे सांगितले. लिफ्ट, पेन, रेघा आणि ते हसत बोललेले खोटे वाक्य. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा बोलता आले नसते.

वहिनींच्या हातातली सुई थांबली होती. मग शालिकभाऊंनी हात पुढे केला. मला वाटले मारतील, आणि मारले असते तर बरे झाले असते. पण त्यांना माझ्या गाडीची किल्ली हवी होती.

त्यांनी डिकीतून पाना काढला, रस्त्यावर उकिडवे बसले आणि चारही चाकांचा एकेक नट आवळून पाहिला. पाना जागेवर ठेवून किल्ली माझ्या हातात दिली.

‘टाइट हायेत,’ ते म्हणाले. ‘जाय आता.’

पुन्हा कधी येऊ का, असे मी विचारले. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून.

दुपारची दुकान बंद करायची वेळ झाली होती. वहिनींनी फुलांवर ओले फडके टाकले. शालिकभाऊंनी दार ओढून कुलूप लावले, एकदा ओढून पाहिले आणि ते गल्लीने चालू लागले. मी गाडीत बसून वाट बघत होतो. कोपऱ्यापर्यंत गेले तरी ते मागे वळले नाहीत. कुलपासाठी नाही आणि माझ्यासाठीही नाही.